फझी टॉप्सिसने विद्यापीठांच्या सेवेची क्रमवारी कशी लावावी

टॉप्सिस ही पर्याय आदर्शाच्या किती जवळ आणि सर्वांत वाईटापासून किती लांब आहे यावरून क्रम लावणारी पद्धत; फझी म्हणजे ‘चांगले’सारख्या संदिग्ध शब्दाला एका आकड्याऐवजी आकड्यांचा पट्टा देणे. निकष नव्याने शोधत बसू नका. सेवेची गुणवत्ता मोजणाऱ्या सर्व्हक्वाल प्रश्नावलीतली पाच परिमाणे पुरतात: भौतिक सुविधा, विश्वासार्हता, तत्परता, खात्री, आपुलकी. तिची २२ विधाने मात्र जशीच्या तशी उचलू नका, ती विद्यापीठांसाठी लिहिलेली नाहीत. ‘निकाल जाहीर केलेल्या तारखेला लागतो’, ‘गुणपत्रिकेतली चूक एका फेरीत दुरुस्त होते’ असे विद्यार्थ्याला पडताळता येईल ते विचारा.

भारांक, म्हणजे प्रत्येक परिमाणाचे महत्त्व, तज्ज्ञांकडून फझी एएचपीने (निकषांची दोन-दोन करून तुलना करण्याच्या पद्धतीने) काढा. तुलना पाच परिमाणांचीच करा, म्हणजे १० जोड्या होतात. २२ विधानांच्या २३१ जोड्या कोणीही मन लावून भरत नाही. सुसंगती गुणोत्तर (तज्ज्ञाच्या तुलना एकमेकींशी किती विसंगत आहेत याचे माप) ०.१ च्या वर गेले तर तक्ता तज्ज्ञाकडे परत पाठवा. तुलनांतून भार काढताना चँग यांची विस्तार-विश्लेषण पद्धत टाळा, तिच्यात महत्त्वाच्या निकषालाही शून्य भार मिळू शकतो. बकली यांची गुणोत्तर मध्याची (geometric mean) पद्धत वापरा.

आता विद्यार्थ्यांच्या उत्तरांचे एकत्रीकरण. बहुतेक अभ्यास इथेच बिघडतात, आणि आकडेमोड बिनचूक दिसत असल्याने ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

शब्दांना त्रिकोणी संख्या (किमान, मधला, कमाल असे तीन आकडे) द्या: अतिशय वाईट (१,१,३), वाईट (१,३,५), मध्यम (३,५,७), चांगले (५,७,९), उत्तम (७,९,९). सगळ्यांतला किमान, मधल्यांची सरासरी आणि सगळ्यांतला कमाल घ्या, असा सल्ला सर्रास दिला जातो. चार-पाच तज्ज्ञांपुरता तो चालेल, विद्यार्थ्यांच्या सर्वेक्षणात अजिबात नाही. दहा जणांत सहा ‘चांगले’, तीन ‘मध्यम’, एक ‘अतिशय वाईट’ असेल तर येते (१, ५.८, ९). एकाच रागावलेल्या उत्तराने त्रिकोण पट्टीभर ताणला. उत्तरे शेकड्यांत गेली की प्रत्येक विद्यापीठाची टोके १ आणि ९ होतात आणि फरक फक्त मधल्या आकड्यात उरतो. तिन्ही घटकांची सरासरी घ्या: (४, ५.८, ७.८).

पण सरासरीही आंधळी असते. निम्मे ‘चांगले’ आणि निम्मे ‘वाईट’ म्हणाले तर उत्तर नेमके (३,५,७), म्हणजे ‘मध्यम’. तसे तर एकही विद्यार्थी म्हणालेला नसतो! त्रिकोणाची रुंदी शब्दातली संदिग्धता सांगते, मतभेद नव्हे. म्हणून सरासरीआधी प्रत्येक निकषाची वारंवारता पाहा. उत्तरे दोन टोकांना साचली असतील तर वसतिगृहातले व बाहेरून येणारे, पदवीचे व संशोधनाचे, असे गट वेगळे करा. आणि सरासरी काढताच त्रिकोणाचा एक आकडा करू नका. केंद्रबिंदूने (तिन्ही आकड्यांच्या सरासरीने) केलात तर साध्या गुणांच्या सरासरीपेक्षा वेगळे काहीच हाती लागत नाही.

पुढचे यांत्रिक आहे. लाभाच्या (जास्त तितके चांगले अशा) निकषात त्या निकषाच्या स्तंभातल्या सर्वांत मोठ्या टोकाने भागा. प्रतीक्षेच्या दिवसांसारख्या खर्चाच्या (कमी तितके चांगले अशा) निकषात सर्वांत लहान टोकाला त्या त्या आकड्याने भागा, त्यात शून्य चालत नाही. मग भारांकाने गुणा. आदर्श बिंदू सरसकट (१,१,१) धरला तर पाच भारांकांत वाटले गेलेले गुण त्यापासून इतके लांब राहतात की सगळ्यांचे निकटता गुणांक (आदर्शाच्या जवळिकीचे अंतिम गुण, ज्यांवरून क्रम लागतो) एकमेकांना चिकटतात. आदर्श स्तंभातल्या कमाल मूल्यांवरून घ्या. मात्र यादीत नवे विद्यापीठ आले की सगळे पुन्हा मोजावे लागेल.

शेवटी भारांकांची जोडीजोडीने अदलाबदल करून गणित पुन्हा चालवा. ज्या विद्यापीठांची जागा हलते, त्यांना वेगवेगळे क्रमांक न देता एकाच गटात छापा.