बाळंतविड्याची यादी: ‘काय आणू?’ असे विचारणाऱ्यांना काय सांगावे

डोहाळजेवणाचे निमंत्रण गेले की दुसऱ्या दिवसापासून ‘बाळाला काय आणू?’ असे विचारणारे फोन सुरू होतात, आणि संकोचापोटी आपण ‘काही नको हो, तुम्ही या म्हणजे झाले’ असे उत्तर देतो. विचारणाऱ्याला मात्र काहीतरी द्यायचेच असते, म्हणून तो दुकानात जाऊन समोर दिसेल ते झालरीचे झबले, नाहीतर साबण, पावडर आणि लोशनचा तयार डबा उचलतो. बारशाच्या दिवशी अशा खोक्यांचा ढीग लागतो आणि त्याच रात्री घरात एकही कोरडा लंगोट नसतो. अमेरिकेत होणारे आईवडील आपल्याला हव्या असलेल्या वस्तू दुकानाकडे नोंदवून ठेवतात, त्या नोंदीला तिथे ‘बेबी रजिस्ट्री’ म्हणतात, आणि आप्तेष्ट त्यातूनच वस्तू निवडतात. आपल्याकडे बाळंतविडा पूर्वापार आहेच. त्याला नीट विचार करून केलेल्या यादीची जोड दिली, तर देणाऱ्याचा पैसा सत्कारणी लागतो आणि बाळंतिणीच्या खोलीत अडगळही होत नाही.

पुष्कळ घरांत बाळ जन्मण्यापूर्वी त्याच्यासाठी नवे काही विकत आणत नाहीत. ती भावना दुखावण्याचे कारण नाही, कारण यादी करणे म्हणजे खरेदी करणे नव्हे. सातव्या महिन्यात यादी तयार ठेवावी, दवाखान्यात न्यायच्या पिशवीपुरते नात्यातल्या मुलांचे धुतलेले जुने कपडे जमवावेत, आणि बाकीच्या वस्तू बाळ घरी आल्यावर आणायला सांगाव्यात. यादी सांभाळण्याचे काम होणाऱ्या आईने स्वतःकडे ठेवू नये. मावशी, आत्या किंवा थोरली जाऊ यांपैकी कोणी ती फोनमध्ये ठेवली, एखादी वस्तू कोणी कबूल केली की तिच्यापुढे नाव लिहिले, आणि पुढच्या फोनवर ‘वहिनी, दुपटी पुरेशी झाली आहेत, तुम्ही मच्छरदाणी आणाल का?’ असे स्पष्ट सांगितले, तर कोणालाही वावगे वाटत नाही. माझ्या अनुभवात बहुतेकांना असे सांगितलेले आवडते, कारण त्यांचाही दुकानातला गोंधळ टळतो.

लंगोट आणि दुपटी: आधी वाळण्याचा हिशेब

कपड्यांची संख्या ठरवताना बाळ दिवसाला किती कपडे ओले करते एवढेच पाहून भागत नाही. ते वाळायला किती वेळ लागतो हेही पाहावे लागते. माझी मुलगी जुलैमध्ये, माझ्या माहेरी चिपळूणला जन्मली. दिवसाला अठरा ते वीस सुती लंगोट लागत होते. पडवीत दोऱ्या बांधल्या होत्या, पंखा दिवसभर चालू असे, तरी दोन दिवसांनीही लंगोटाच्या दुहेरी शिवणीपाशी ओल हाताला लागे, आणि आई रात्री जेवणे झाल्यावर इस्त्री घेऊन ती ओल काढत बसे. आमच्याकडे दोन डझन लंगोट होते. हिशेबाने ते निदान चार डझन तरी हवे होते. याउलट मार्च-एप्रिलमध्ये सोलापूरला किंवा नागपूरला बाळ जन्मणार असेल, तर सकाळी धुतलेला लंगोट दुपारी हाती येतो आणि दोन डझनांतही उत्तम भागते. म्हणून प्रसूतीचा महिना आणि गाव यादीच्या डोक्यावर लिहावे आणि मगच आकडे घालावेत. पावसाळी बाळंतपणात कपडे वाळवण्याची घडीची जाळी हीसुद्धा एक उत्तम भेट ठरते.

रात्रीसाठी आणि प्रवासासाठी तयार डायपर वापरायचे असतील, तर ते वयाने नव्हे, वजनाने मागवावेत. पाकिटावर किलोचा आकडा छापलेला असतो. बाळाचे वजन साधारण पाचव्या महिन्यात जन्मवेळच्या दुप्पट होते आणि वर्षाला तिप्पट. त्यामुळे सर्वांत लहान मापाचे एकच पाकीट पुरे, बाकीची पाकिटे पुढच्या मापांची सांगावीत. हाच नियम झबल्यांना लागू होतो. अगदी लहान मापाची सहा झबली पुष्कळ झाली, कारण महिना-दीड महिन्यात ती आखूड पडतात. ती समोरून उघडणारी, बिनझालरीची, पातळ सुती असावीत. डोक्यावरून घालायचे झबले नवख्या आईला मान सावरता सावरता नकोसे होते. गळ्याशी लांब नाड्या असलेले कपडे टाळावेत. तीन ते सहा आणि सहा ते नऊ महिन्यांच्या मापाचे कपडे मागताना तेव्हा ऋतू कोणता असेल हे मोजावे: जूनमध्ये जन्मलेले बाळ सहा महिन्यांचे होते ते डिसेंबरात, म्हणून त्या मापाचा लोकरी अंगरखा हवा, बिनबाह्यांचा फ्रॉक नको.

दुपट्यांच्या बाबतीत माझा आग्रह जुन्या लुगड्याचा आहे. वर्षानुवर्षे धुऊन मऊ झालेल्या सुती नऊवारीच्या दोन पदरी तुकड्याला चारही बाजूंनी धावदोरा घातला की जे दुपटे होते, तितके मऊ, ओल शोषणारे आणि लवकर वाळणारे कापड बाजारात शोधूनही सहसा मिळत नाही. घरात शिवणकाम येणारी आजी किंवा काकू असेल, तर अशी आठ-दहा दुपटी तिच्याकडून मागून घ्यावीत. पैसे खर्च न करता देण्यासारखी यापेक्षा चांगली भेट मला माहीत नाही. कुंची एक असली की पुरते. तिचा उपयोग बारशाला आणि बाहेर नेताना होतो, आणि झोपलेल्या बाळाच्या डोक्यावर ती ठेवू नये.

झोपण्याची जागा

या वस्तूंत सुरक्षिततेचा प्रश्न असल्याने यादी सांभाळणाऱ्याने येथे भीड धरू नये. बाळाने पाठीवर, सपाट आणि टणक गादीवर झोपावे, आणि त्याच्या भोवती उशी, लोड, जाड गोधडी किंवा मऊ खेळणी नसावीत, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. डोक्याला गोल आकार यावा म्हणून मोहरीची उशी देण्याची आपल्याकडे रीत आहे आणि ती आणणाऱ्याच्या मनात मायाच असते, पण ती यादीत नको. डोके एका बाजूने चपटे होऊ नये यासाठी झोपवताना डोक्याची दिशा आलटून-पालटून ठेवणे आणि जागेपणी आपल्या नजरेसमोर बाळाला थोडा वेळ पालथे घालणे हा मार्ग सुरक्षित आहे. अमेरिकेत २०२२ साली कायदा करून बाळाला तिरके निजवण्याचे उतरते बिछाने आणि पाळण्याच्या कडेला लावायच्या कापूस भरलेल्या गाद्या यांच्या विक्रीवर बंदी घातली गेली. अशा वस्तू आपल्याकडे भेट म्हणून येऊ शकतात, तेव्हा त्या कितीही सुबक दिसल्या तरी वापरू नयेत.

पाळणा घरातला पिढीजात असेल तर अवश्य वापरावा, पण बसवण्यापूर्वी गजांमधले अंतर मोजावे. ते सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावे, नाहीतर बाळाचे अंग त्यातून सरकून डोके अडकण्याचा धोका असतो. टांगता पाळणा असल्यास कडी आणि साखळी सुताराकडून तपासून घ्यावी. गादी आणि कडा यांमध्ये दोन बोटे जातील एवढीही फट नको. मच्छरदाणी मात्र यादीत अगदी वर हवी. छत्रीसारखी उघडमीट होणारी छोटी मच्छरदाणी अल्प किमतीत मिळते, आणि ज्या वयात बाळाच्या अंगाला मलम किंवा खोलीत धूर नको असतो, त्या वयात डासांपासून रक्षण करणारी तेवढीच एक वस्तू असते.

दूध पाजण्याच्या वस्तू आणि औषधपेटी

पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचे दूध द्यावे, पाणीसुद्धा देऊ नये, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने दुधाच्या बाटल्या आणि डब्यातले बालदूध यांची जाहिरात करण्यास मनाई केली आहे, यावरून ह्या बाबीचे गांभीर्य ध्यानात यावे. म्हणून बाटल्यांचा संच यादीत घालू नये. गरज पडली आणि डॉक्टरांनी सांगितले, तर तो तासाभरात आणता येतो. काढलेले दूध पाजायला स्टीलची वाटी-चमचा किंवा बोंडले पुरते, आणि ते उकळून स्वच्छ करणे बाटलीपेक्षा कितीतरी सोपे असते. नोकरीवर परतणाऱ्या आईसाठी दूध काढण्याचा पंप उपयोगी आहे, पण तोही रजा संपत आल्यावर, तिला कोणता सोयीचा वाटतो ते पाहून घ्यावा. २०१७ च्या दुरुस्तीनंतर प्रसूती रजा पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची झाली असल्याने घाई करण्याचे कारण नसते.

औषधपेटीत डिजिटल थर्मामीटर हवाच. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे न्यावे लागते, आणि हाताला लागलेल्या कढतपणावरून हा आकडा कळत नाही. त्याबरोबर बाळाचे नखकात्र आणि मऊ पंचे मागावेत. काजळ, टाल्कम पावडर, ग्राइप वॉटर आणि चाटवण्यासाठी मध या चार वस्तू ‘नको’ या वेगळ्या मथळ्याखाली लिहाव्यात: काजळात शिसे असू शकते, पावडर श्वासातून फुप्फुसात जाते, ग्राइप वॉटरची गरज नसते, आणि वर्षाच्या आत मध दिल्यास बॉट्युलिझम या गंभीर विषबाधेचा धोका असतो. गुटीची सहाण कोणी प्रेमाने आणली तर ठेवून घ्यावी, मात्र तिचा उपयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

मोठ्या किमतीच्या वस्तू आणि बाळंतिणीचा वाटा

घरी मोटार असेल, तर बाळाची कार सीट ही या यादीतली सर्वांत महाग आणि सर्वांत मोलाची वस्तू आहे. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बालआसन यांनी सुरक्षित न बसवल्यास एक हजार रुपये दंड आहे. पण दंडाचे सोडा, मांडीवर धरलेले बाळ जोराचा ब्रेक लागताच हातात राहत नाही. लहान बाळाची सीट मागच्या आसनावर, मागे तोंड करून बसवायची असते. ती एकट्याने देणे जड जाते, म्हणून कचेरीतल्या सहकाऱ्यांनी किंवा चार-पाच भावंडांनी मिळून द्यावी असे यादीतच लिहावे. ती कोणाची वापरलेली घ्यायची झाल्यास गाडीला अपघात झालेला नाही याची खात्री हवी. मोटार नसेल, तर त्याच पैशात छातीशी बाळ धरण्याची चांगली झोळी घ्यावी, जिच्यात बाळाचे तोंड दिसत राहते आणि हनुवटी छातीला टेकत नाही. चाकांचा वॉकर कोणी देऊ केला तर नम्रपणे नाकारावा. कॅनडाने २००४ सालीच त्यावर बंदी घातली आहे, कारण त्यात बसलेली मुले जिन्यावरून पडून जखमी होत होती.

बाळंतविडा हा मुळात बाळाइतकाच बाळंतिणीचा असतो, आणि आजच्या याद्यांत नेमके हेच राहून जाते. समोरून उघडणारे दोन-तीन सुती गाऊन, प्रसूतीनंतरचे मोठे पॅड आणि अंथरायला रबरी कापड या गोष्टी कोणी आपणहून आणत नाही, पण पहिल्या आठवड्यात त्यांच्याइतके काही लागत नाही. डिंकाचे आणि अळिवाचे लाडू सगळेच एकदम आणतात आणि शेवटचे डबे खवट होतात. म्हणून एकीला पहिल्या आठवड्याचे, दुसरीला तिसऱ्या आठवड्याचे असे वार वाटून द्यावेत. ज्यांना वस्तू द्यायची नाही, त्यांना महिनाभर दुपारचा डबा पाठवणे किंवा मालिश करणाऱ्या बाईंचे महिन्याचे पैसे देणे हे पर्याय सुचवावेत. माझ्या नणंदेने मला पाळणा न देता चाळीस दिवसांच्या मालिशीचे पैसे दिले होते. त्या मावशी रोज सकाळी आठला येत, मला शेकत, बाळाला न्हाऊ घालत, आणि मला अर्धा तास डोळा लागू देत.

अमेरिकेतल्या मराठी घरांत डोहाळजेवण आणि रजिस्ट्री आता हातात हात घालून चालतात. तेथे दूध काढण्याचा पंप बहुतेक आरोग्यविम्यात मिळतो, तेव्हा तो पाहुण्यांकडे मागू नये. दवाखान्यातून बाळाला मोटारीने घरी नेताना कार सीट लागतेच, म्हणून ती प्रसूतीच्या निदान महिनाभर आधी हाती यायला हवी. भारतातून बाळंतपणासाठी येणाऱ्या आईच्या सामानात लंगोट, लुगड्याची दुपटी आणि अळीव यांना जागा ठेवावी, कारण बाकी सारे तिथे मिळते.

सगळे एकाच दिवशी यायला हवे असेही नाही. खाण्याची उंच खुर्ची, नाचणी सत्त्वाच्या वाट्या आणि लाळेरी सहाव्या महिन्यात, उष्टावणाच्या वेळी लागतात. त्या वस्तूंची दुसरी यादी तेव्हा काढावी आणि बारशाला ज्यांना येता आले नाही त्यांना ती द्यावी. मुलगी असेल आणि आजोबांना पैशांच्या रूपात काही द्यायचे असेल, तर जन्मदाखला हाती आल्यावर सुकन्या समृद्धी खाते वर्षाला २५० रुपयांपासून चालवता येते.

वस्तू घरी आल्यावर लेबल लगेच फाडू नये आणि बिल मागून घ्यायला लाजू नये; दोनदा आलेली वस्तू त्यामुळे बदलता येते. प्रत्येक नवा कपडा अंगावर घालण्यापूर्वी धुवावा. हातमोजे आणि पायमोजे उलटे करून आतले सुटे धागे कापून टाकावेत, कारण असा धागा बाळाच्या बोटाला गुंडाळला गेला तर रक्तपुरवठा अडतो आणि बाळ का रडते हे कित्येक तास कळत नाही. शेवटी आहेराच्या वहीत कोणी काय दिले ते त्याच दिवशी लिहून ठेवावे, म्हणजे त्यांच्या घरी पाळणा हलेल तेव्हा आपल्यालाही त्यांची यादी मागता येईल.