मिसिंग येतंय? नवा प्लग घेण्याआधी या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात माळशेज घाटात माझी मोटारसायकल खड्ड्यात आपटली की झटका द्यायची, म्हणजे इंजिन मध्येच ठिणगी चुकवायचं (यालाच मिसिंग म्हणतात), आणि रस्ता जरा बरा लागला की शहाण्यासारखी चालायची. घाट उतरल्यावर एका गॅरेजात नवा प्लग (इंजिनात ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग) टाकला, कार्बोरेटर साफ करून घेतला. वीसेक किलोमीटर गेलो, पुन्हा तेच. शेवटी कडेला थांबून प्लगवर बसणारी, वायरच्या टोकाची टोपी हातानं फिरवून पाहिली, तर ती वायरवर गरागरा फिरत होती. पैसे आणि अर्धा दिवस गेला होता तो एवढ्यासाठी.

पहिली चूक तीच: लक्षण न बघता भाग बदलणं. झटके खड्ड्यांबरोबर येत-जात असतील, किंवा गाडी धुतल्यावर, पावसात भिजल्यावर मिसिंग वाढत असेल, तर आधी टोपी आणि वायर बघा. ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या कॉइलपासून प्लगपर्यंत करंट तीन ठिकाणी जोडातून जातो. कॉइल आणि वायर, वायर आणि टोपी, टोपी आणि प्लग. कॉइलकडचा जोड बऱ्याच गाड्यांत कारखान्यातूनच पक्का येतो. सैल होतो तो बहुतेकदा मधला.

टोपीच्या आत लाकडाला मारतात तसा एक बारीक स्क्रू असतो. तो वायरच्या तांब्याच्या तारांत घुसतो आणि त्यावरच सगळं धरून राहतं. पाणी शिरलं की तारांचं टोक हिरवं-काळं पडतं, पकड जाते. अशा वेळी लोक टोपी पक्कडीनं दाबतात किंवा बाहेरून चिकटपट्टी गुंडाळतात. दाबल्यानं टोपीला बारीक तडा जातो आणि ठिणगी प्लगच्या टोकावर पडायची सोडून तिथूनच इंजिनवर उडते. पट्टीमुळे आतला जोड घट्ट होत नाही, उलट ओल आत कोंडते.

नीट करायला दहा मिनिटं पुरतात. गाडी बंद, चावी काढलेली, इंजिन थंड. टोपीलाच धरून, हलकं फिरवत सरळ ओढा. वायर ओढून टोपी काढणं हीच अनेकदा जोड सैल होण्याची सुरुवात असते. मग वायर एका हातात घट्ट धरून टोपी उलटी फिरवा, ती सुटून येते. वायरचं टोक धारदार कटरनं साधारण ५ मिमी सरळ कापा. चकचकीत तांबं दिसलं पाहिजे. टोपी पुन्हा लावून घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं घट्ट होईपर्यंत फिरवा. वायर आधीच आखूड असेल तर कापत बसू नका, ती ताणली गेली की जोड पुन्हा सुटतो. रबराचं बूच फाटलं असेल तर टोपीच नवी घ्या, ती महाग नसते.

एक गोष्ट फार लोकांच्या नजरेतून सुटते. प्लगच्या डोक्यावर छोटा नट असतो. काही टोप्यांना तो हवा असतो, काहींना नुसते आटे. जुना आणि नवा प्लग शेजारी धरून बघा, आणि नट असेल तर प्लग बसवण्याआधी तो पक्कडीनं हलकाच आवळा. टोपी बसताना ‘टक्’ जाणवलं पाहिजे. काही पल्सरमध्ये असतात तशा दोन प्लगच्या गाडीत एक टोपी निघाली तरी गाडी चालत राहते, फक्त पिकअप आणि अ‍ॅव्हरेज पडतं. म्हणून तिथे दोन्ही तपासा.

कधी टोपी ठीक असते आणि प्लगच ढिला असतो. तेव्हा फस्-फस् आवाज येतो, प्लगभोवती काळा तेलकट डाग दिसतो. गरम इंजिनवर पाना लावू नका. प्लग ज्यात बसतो ते इंजिनचं हेड (सिलिंडरवरचं झाकण) अ‍ॅल्युमिनियमचं असतं, आटे गेले की खर्च मोठा. काढायचा असेल तर आधी भोवतालची माती फुंकून टाका, नाहीतर ती सिलिंडरमध्ये जाते. बसवताना पहिले आटे बोटांनीच लावा. नवा, वॉशरवाला प्लग हातानं घट्ट झाल्यावर पान्यानं अर्धा फेरा. जुन्याचा वॉशर आधीच दबलेला असतो, त्याला घड्याळाच्या मोठ्या काट्याची पाच मिनिटं इतकंच फिरवणं पुरतं. शंभर-सव्वाशे सीसीच्या बहुतेक गाड्यांत १० मिमी आट्यांचा प्लग आणि त्याला १६ मिमीचा पाना लागतो. पाना लांब घेऊन जोर लावला की नाजूक आटे लगेच जातात.

ठिणगी बघायला टोपी हातात धरून किक मारू नका. तिथे हजारो व्होल्ट असतात, आणि पेसमेकर बसवलेल्या माणसानं तर चालू इंजिनच्या प्लगजवळ जाऊच नये. टोपी मोकळी लटकत ठेवूनही किक मारू नये, कॉइल जळू शकते. त्यापेक्षा रात्री, उघड्यावर, पेट्रोलची गळती नाही हे बघून गाडी अंधारात चालू करा आणि हात न लावता टोपीकडे बघा. टिक्-टिक् आवाज आला किंवा निळी रेघ चमकली, तर करंट नेमका तिथूनच निसटतोय.