आगोटीची बेगमी आणि ओलीपासून तिचे रक्षण

पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी लागणारे जिन्नस आधीच भरून ठेवण्याच्या कामाला कोकणात आगोट म्हणतात. गोव्यात याच बेगमीला पोर्तुगीजवरून आलेला ‘पुरुमेंत’ हा शब्द रूढ आहे. आता गावोगाव दुकाने झाली असली तरी दरड कोसळून घाट बंद होतो, वीज जाते, आणि २२ जुलै २०२१ रोजी चिपळुणात झाले तसे पुराचे पाणी थेट बाजारपेठेतच शिरले, तर ज्या दुकानांच्या भरवशावर आपण असतो तीच बुडालेली असतात. म्हणून आगोट आजही करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र ती करताना एक गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते: पावसाळ्यात साठा संपतो त्यापेक्षा अधिक वेळा तो ओलीने वाया जातो. साठवणे हे अर्धे काम, कोरडे ठेवणे हे उरलेले अर्धे.

पूर्वी मृग नक्षत्र लागण्याआधी, म्हणजे ७-८ जूनच्या आत, सारे आवरण्याची रीत होती. हा हिशेब आता पुरत नाही. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, आणि २०२५ मध्ये तर मोसमी पाऊस २५ मे रोजीच तळकोकणात दाखल झाला. ज्यांचे धान्य त्या दिवशी अंगणात चटईवर पसरलेले होते, त्यांची काय धावपळ झाली असेल, याची कल्पना कोकणातल्या कोणालाही करता येईल. उन्हात घालण्याचे सर्व काम एप्रिलमध्ये सुरू करून मेच्या दुसऱ्या आठवड्याअखेर संपवावे आणि कौले चाळणे, पन्हळी साफ करणे, पडवीला पावसाचा मारा अडवणाऱ्या झडी बांधणे ही कामेही त्याच्या आसपास उरकावीत, कारण छप्पर गळत असेल तर खालच्या साठ्याला अर्थ राहत नाही.

किती भरावे, हे शेजाऱ्याकडे पाहून ठरवू नये. आठ दिवस घरात रोज किती तांदूळ, पीठ, डाळ आणि तेल लागते ते मोजून वहीत लिहावे. चार माणसांच्या घरात रोज ८०० ग्रॅम तांदूळ शिजत असेल, तर १२० दिवसांना ९६ किलो लागतो. त्यात गणपतीला मुंबई-पुण्याहून येणाऱ्या माणसांसाठी आणखी १० किलो धरावा, कारण भाद्रपदातले ते पाच-सात दिवस सगळा हिशेब मोडतात. ज्यांना एवढी जागा किंवा एकरकमी पैसे नाहीत, त्यांनी निदान तीन आठवड्यांचा साठा करून तो वापरत आणि भरत राहावे.

धान्याकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे लागते. भात, गहू आणि कडधान्ये कडक उन्हात दोन-तीन दिवस पातळ पसरून, मधूनमधून हात फिरवत वाळवावीत. सडून कोंडा काढलेला तांदूळ मात्र कडक उन्हात घालू नये, त्याला तडे जाऊन कणी पडते. तो सावलीत वारा लागेल असा पसरावा. दाणा वाळला की नाही हे जुनी माणसे दाताखाली धरून ओळखतात; कट असा आवाज होऊन तो तुटला तर वाळला, दबला तर नाही. खात्री करायची असेल तर कोरड्या काचेच्या बरणीत मूठभर दाणे आणि चिमूटभर भाजलेले मीठ घालून ती काही मिनिटे हलवावी, आणि थोडा वेळ ठेवून पाहावी. मीठ काचेला चिकटले तर दाण्यात अजून ओल आहे.

उन्हातून आणलेले धान्य गरम असतानाच पिंपात भरण्याची चूक अनेक घरांत होते. गरम दाण्यातून निघालेली वाफ झाकणाच्या आतल्या बाजूला थंड होऊन तिचे पाणी होते, ते वरच्या थरावर ठिबकते आणि तिथून बुरशी धरते. रात्रभर घरात पसरून धान्य पूर्ण निवू द्यावे आणि मगच भरावे. पिंप आधी रिकामे करून, सांधे पुसून, उन्हात तापवलेले असावे. जुन्या धान्यावर नवे कधीही ओतू नये, कारण तळाशी राहिलेली चार सोंड्यांची (धान्य पोखरणाऱ्या किड्यांची) वसाहत नव्या साठ्याला पुरून उरते. पिंप काठोकाठ भरावे. मोकळी हवा जितकी कमी, तितकी किडीची वाढ कमी. ते जमिनीवर न टेकवता फळीवर, भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावे, कारण जुलैत भिंतीही घाम सोडतात.

रोजच्या वापरासाठी दहा किलोचा वेगळा डबा करावा आणि मोठे पिंप पंधरा दिवसांतून एकदाच, शक्यतो उघडीप असलेल्या दुपारी उघडावे. माझ्या अनुभवात या एका सवयीने जेवढे धान्य वाचते, तेवढे कोणत्याही औषधाने वाचत नाही.

तूर, मूग, वाल यांना किलोमागे सुमारे ५ मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक चमचा, एरंडेल किंवा खाण्याचे तेल हाताने चोळून लावावे. दाण्यावर तेलाचा पातळ थर बसला की भुंग्याची अंडी गुदमरतात. कडुलिंबाचा पाला घालायचा असेल तर तो सावलीत पूर्ण सुकवूनच घालावा. ओला पाला आपण होऊन ओल आत नेतो. अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या मात्र घरात आणूच नयेत. त्यांतून ओलीच्या संपर्काने निघणारा फॉस्फीन वायू जीवघेणा असतो.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी मासेमारी बंद असते, म्हणून सुके बोंबील, जवळा आणि सोडे (सोललेली सुकी कोळंबी) एप्रिल-मेमध्येच घ्यावेत. ते पुन्हा एकदा उन्हात कडक करून पत्र्याच्या डब्यात तळाला कागद घालून ठेवावेत. प्लास्टिकच्या पिशवीत मासळी घामेजते. आमसुले, आंबोशी (कैरीच्या वाळवलेल्या फोडी), मीठ लावलेली चिंच यांना चिनी मातीची बरणी हवी. मीठही बरणीतच ठेवावे, कारण ते हवेतील ओल ओढून घेते.

जळणाची लाकडे आणि गवऱ्या माळ्यावर किंवा पडवीत उंच रचाव्यात. गॅसवर स्वयंपाक होत असला तरी आठवडाभर चूल पेटेल एवढे सरपण असावे आणि आगपेट्या झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात.

पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी माणशी रोज ५ लिटर धरून तीन दिवसांचे, म्हणजे चौघांना ६० लिटर पाणी मुसळधार पावसाचा इशारा मिळताच झाकून भरावे. विहिरीत पुराचे पाणी शिरले असेल तर ग्रामपंचायतीकडून शुद्धीकरण होईपर्यंत तिचे पाणी पिऊ नये. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, जंतू मरत नाहीत. म्हणून वरचे निवळ पाणी गाळून, खळखळून उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट उकळावे. जुलाब सुरू झाले आणि घरात जलसंजीवनीचे (ओआरएसचे) पाकीट नसेल, तर एक लिटर शुद्ध पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते थोडे थोडे पाजावे. चमचा चहाचाच असावा आणि मीठ वाढवू नये.

वादळानंतर विजेबरोबर मोबाइलचे मनोरेही बंद पडतात आणि फोनवरून पैसे देता येत नाहीत. त्यामुळे दहा, वीस, पन्नासच्या नोटा, बॅटरी, सेल आणि भरलेली पॉवर बँक एका जागी असावी. सातबारा, शिधापत्रिका, विम्याची कागदपत्रे आणि नेहमीची औषधे दुहेरी प्लास्टिक पिशवीत घालून, दोरीने बांधून, सर्वांना ठाऊक असलेल्या खुंटीवर टांगावीत. नदीकाठच्या किंवा डोंगरउताराखालच्या घरांनी हीच पिशवी उचलून रात्रीही बाहेर पडता येईल अशी तयारी ठेवावी, आणि निघण्याचा निरोप आल्यावर धान्याकडे पाहत थांबू नये.

श्रावणात ऊन पडले की पिंपात कोपरापर्यंत हात घालून पाहावा. आतला दाणा उबदार लागला, तर कीड किंवा बुरशी सुरू झाली आहे असे समजून ते धान्य त्याच दिवशी बाहेर काढून पसरावे; बुरशीचा वास येणारे धान्य मात्र धुऊन वापरू नये, टाकून द्यावे. दसऱ्याच्या सुमारास जे उरले असेल ते मोजून त्याच वहीत, मे महिन्याच्या आकड्यांशेजारी लिहून ठेवावे.