मदत पोहोचेपर्यंत गाव कसं सांभाळायचं? गावाचा आपत्ती आराखडा करण्याची रीत

ओढ्याचं पाणी आमच्या गावात खालच्या आळीत शिरलं तेव्हा रात्रीचे अडीच वाजले होते. लाईट संध्याकाळपासूनच गेलेली. पंधरा-सोळा घरांतली माणसं पोत्याच्या खोळी डोक्यावर घेऊन शाळेच्या ओट्यावर येऊन थांबली, आणि शाळेला कुलूप. किल्ली ज्यांच्याकडे, ते तालुक्याला राहायचे आणि मधला फरशी पूल पाण्याखाली. शेवटी पहारीनं कोयंडा उचकटला. तोवर अर्धा तास गेला. एक ओली बाळंतीण तेवढा वेळ पावसात भिंतीला टेकून उभी होती. तिचा चेहरा अजून डोळ्यांपुढून जात नाही.

ग्रामपंचायतीच्या कपाटात आपत्ती आराखड्याची फाइल होती. निवाऱ्याची जागा म्हणून त्यात शाळेचंच नाव होतं. किल्ली कोणाकडे, हे मात्र कुठेच नव्हतं.

आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 सालचा आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालचं जिल्हा प्राधिकरण त्यातूनच आलं. याच कायद्याच्या कलम 41 नुसार कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देणं, साधनसामग्री तयार ठेवणं, आणि वेळ आली की मदतकार्य करणं ही स्थानिक संस्थेचीही, म्हणजे ग्रामपंचायतीचीही, जबाबदारी ठरते. पण कायदा बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरतेच. गावात ज्या पाण्यानं माणसं अडकतात, तेच पाणी तालुक्याचा रस्ता तोडतं. म्हणून पहिले पाच-सहा तास गावालाच काढावे लागतात. आराखडा त्या तासांसाठी करायचा.

1. मृगाच्या आधी माणसं जमवा

1 मेच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्या. म्हणजे पावसाळ्याआधी महिनाभर हातात राहतो. समितीत सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, तलाठी, पोलीस पाटील, कोतवाल असतीलच. त्यांच्या बरोबरीनं आशाताई आणि अंगणवाडीताईला बसवा, कारण कोणत्या घरात गरोदर बाई आहे, कोणाला रोज साखरेची गोळी लागते, कोण अंथरुणाला खिळलंय हे त्यांना तोंडपाठ असतं. लाइनमन, ट्रॅक्टरवाला, जेसीबीवाला, पट्टीचे पोहणारे दोघे-तिघे, बचत गटाच्या बायका हव्यात. तांडा किंवा वस्ती लांब असेल तर तिथला माणूस हवाच. तो नसेल तर यादीतून तांडा सुटतो, हे मी पाहिलंय.

2. आराखडा चालत करा

पंचायतीत बसून लिहिलेला आराखडा शेजारच्या गावाचं नाव खोडून आपलं घातलेला असतो. एक सकाळ काढा आणि दोन-तीन म्हातारी माणसं सोबत घेऊन गाव आणि शिवार फिरा. त्यांना विचारा, आजवर पाणी कुठवर आलं होतं? ते ज्या भिंतीवर, ज्या पारावर हात ठेवतील तिथे तेव्हाच ऑइलपेंटनं रेघ ओढा. ही गावाची पूररेषा. त्या रेघेखालची घरं मोजा. फरशी पूल, कठडा नसलेल्या विहिरी, लोंबकळणाऱ्या तारा, पाण्यात बुडेल असा विजेचा डीपी, सगळं नकाशावर घ्या.

मग घरांकडे बघा. 30 सप्टेंबर 1993 ला, गणपती विसर्जनानंतरच्या पहाटे, किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. भूकंप 6.2 रिश्टरच्या आसपासचा होता. पण इतकी माणसं गेली ती झोपेत, मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि माळवदाच्या मातीचं ओझं अंगावर आल्यानं. तशी घरं आपल्याकडे आजही आहेत आणि त्यांत माणसं राहतात. 2024 मध्ये मार्चात आणि पुन्हा जुलैत हिंगोली-नांदेड भाग हादरला, तेव्हा लोक अंगणात पळाले ते ही आठवण मनात ठेवूनच. भूकंप तर सोडाच, तीन दिवस झड लागली तरी मातीची भिंत पाणी पिऊन खचते. अशा घरांवर खूण करा आणि घरच्यांना सरळ सांगा, झडीच्या रात्री झोपायला अमक्याच्या पक्क्या घरात जायचं. ‘अमक्या’ला आधी विचारून ठेवा. कोणी नाही म्हणत नाही, पण अवघडल्यामुळे आपण होऊन कोणी जातही नाही.

मराठवाडा म्हटलं की दुष्काळच आठवतो. लातूरला 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. त्याच मराठवाड्यात 2025 च्या ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यातली गावं पाण्यात गेली, आणि सप्टेंबरमध्ये परंडा-भूम भागात माणसं हेलिकॉप्टरनं काढावी लागली. त्यामुळे आराखडा पुराचाही हवा आणि टंचाईचाही. टंचाईसाठी निदान एवढं लिहा: मार्चनंतर कोणत्या विहिरीला पाणी राहतं, कोणती बोअर अधिग्रहणाला देता येईल, टँकर कुठे उभा राहील.

3. घरांची यादी, पण हंगाम बघून

यादी एकदाच करून भागत नाही. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जोड्या गेल्या की बीड-धाराशिवकडच्या कितीतरी गावांत मागे म्हातारी माणसं आणि नातवंडं राहतात. जूनमध्ये केलेल्या यादीत ‘घरात दोन तरुण’ लिहिलेलं असतं, पण डिसेंबरात त्या घरात फक्त आजी असते. म्हणून यादी दोन: पावसाळ्याची आणि ऊसतोडीनंतरची. शेतातल्या आखाड्यावर राहणारे सालगडी पावसाळ्याच्या यादीत घ्या. जनावरांच्या कानातल्या बिल्ल्याचे नंबरही टिपून ठेवा, नंतर नुकसानभरपाईला लागतात.

प्रत्येक एकट्या माणसापुढे एक नाव लिहायचं. त्याला न्यायची जबाबदारी या नावाची. फक्त ‘तरुण मंडळ’ लिहिलं तर कोणीच जात नाही.

4. निरोप कसा जाईल ते ठरवा

वरच्या अंगाला धरण किंवा तलाव असेल तर तिथल्या शाखा अभियंत्याचा आणि वरच्या गावच्या पोलीस पाटलाचा नंबर सगळ्यात वर लिहा. तिथून सोडलेलं पाणी आपल्या पुलावर किती तासांत येतं, हे जुन्या लोकांना विचारून नोंदवा. माझ्या मते अख्ख्या आराखड्यात यापेक्षा मोलाची ओळ नाही.

फोनवर आपत्तीच्या इशाऱ्यांसाठी ‘सचेत’ आणि विजेसाठी ‘दामिनी’ ही दोन सरकारी अ‍ॅप किमान पाच जणांकडे असू द्या. रेड अलर्ट आला की मंदिराच्या नाहीतर मशिदीच्या भोंग्यावरून सांगायचं. लाईट नसेल तर दवंडी, आणि रात्री आळीला दोन पोरं, दार वाजवत. कोणती आळी कोणाकडे, हे आधीच वाटून द्या.

विजेबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडे वीज पडून माणसं आणि जनावरं दरवर्षी जातात आणि बहुतेक वेळा ती झाडाखाली असतात. कडकडाट ऐकू आला की खुरपणारांनी रानातून उठायचं आणि पक्क्या घरात जायचं. झाडाखाली थांबायचं नाही, बैल झाडाला बांधायचा नाही, पाण्याच्या मोटारीला हात लावायचा नाही. उघड्या रानात सापडलात तर पाय जुळवून उकिडवं बसा, आडवं पडू नका. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही, त्याला लगेच हात लावता येतो. श्वास थांबला असेल तर छाती दाबणं सुरू करा आणि 108 ला फोन लावा. भीतीपोटी लांब उभं राहण्यात त्याचा जीव जातो.

5. निवारा, किल्ली आणि साहित्य

निवारा पूररेषेच्या वर हवा. त्याच्या तीन किल्ल्या करा आणि तिन्ही गावात मुक्कामी राहणाऱ्या माणसांकडे द्या. आमच्याकडे एक अंगणवाडीताईंच्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली असते, लाल दोऱ्यात ओवून, म्हणजे अंधारातही हाताला लागते.

साहित्य फार लागत नाही: शंभर फुटी जाड दोर, ट्रॅक्टरच्या हवा भरलेल्या ट्यूब, बॅटऱ्या, ताडपत्र्या, ओआरएसची पाकिटं, टीसीएल (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग) पावडर, जेसीबीसाठी डिझेलचा कॅन. पुलावर पाणी आलं की दोन्ही टोकांना दोर बांधून दोन-दोन माणसं उभी करा. गुडघाभर वाहत्या पाण्यात माणसाचा पाय टिकत नाही आणि दोन फुटांत चारचाकी तरंगते. दुचाकीवाला हुज्जत घालेल. त्याला सोडू नका.

नंबर पंचायतीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवा: तातडीच्या मदतीला 112, रुग्णवाहिकेला 108, जिल्हा नियंत्रण कक्षाला 1077, जनावरांच्या दवाखान्याला 1962.

6. पाणी ओसरल्यावर

आधी पिण्याचं पाणी. हजार लिटरला पाच ग्रॅम टीसीएल, आणि ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन आहे का ते बघायची चाचणी) करूनच नळ सोडायचा. पावडर जुनी असेल तर क्लोरीन उडून गेलेलं असतं, म्हणून मेमध्येच ताजी आणा. मेलेली जनावरं पंचनामा झाल्याशिवाय हलवू नका, पण झाल्यावर लगेच खोल पुरा.

पंचनाम्याआधी प्रत्येकानं फोटो काढावेत, घराचे, पिकाचे, जनावराचे. वीज पडून किंवा पुरात माणूस गेला तर शवविच्छेदन आणि पोलीस पंचनामा लागतो. दुःखात घरचे ते टाळतात आणि मग सरकारी मदत (2025 च्या दरानं 4 लाख) अडते. हे त्यांना समजावून सांगायला समितीतलं एक जाणतं माणूस ठरवून ठेवा. जनावराचंही तसंच: 2025 च्या दरानं गाय-म्हैस दुधाळ असेल तर 37,500 रुपये, बैलाला 32,000 रुपये, पण पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला हवा. सातबारा, आधार, बँकेचं पासबुक यांच्या झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत घालून घरातल्या सगळ्यात उंच कोनाड्यात ठेवायला सगळ्यांना आत्ताच सांगा.

7. तालीम

जूनच्या पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी, लाईट बंद करून. यादीतला प्रत्येक नंबर लावून बघा, दहातले दोन-तीन तरी बदललेले निघतात. आळीतल्या पोरांनी दारं वाजवायची, नेमलेल्या माणसानं नेमलेल्या आजीला हाताला धरून निवाऱ्यापर्यंत न्यायचं. किती वेळ लागला ते लिहा. आणि निवाऱ्याचं कुलूप तिन्ही किल्ल्यांनी उघडून बघा. वर्षभर न उघडलेलं कुलूप गंजलेलं असतं, त्यात दोन थेंब तेल घाला.