हर्डल्स शिकवताना उंचीआधी अंतर बघा: या चुका टाळा

मूल अडथळ्यासमोर येऊन थबकलं की आपण लगेच काठी खाली घेतो. तरीही ते पुन्हा थबकतं, कारण घोळ बहुतेक वेळा उंचीत नसून अंतरात असतो. दोन अडथळ्यांमध्ये त्याची पावलं बसत नाहीत. मग ते पावलं बारीक करत येतं आणि काठीपाशी थांबतं. अशा मुलाला भित्रं म्हणू नका, अंतर बदलून बघा.

सगळ्या वर्गाला एकच अंतर

मोठ्यांच्या शर्यतीत अडथळ्यांमधलं अंतर ठरलेलं असतं: महिलांच्या १०० मीटरमध्ये ८.५ मीटर, पुरुषांच्या ११० मीटरमध्ये ९.१४ मीटर. वर्गात मात्र एकाच वयाच्या दोन मुलांच्या ढांगेत केवढा तरी फरक असतो. म्हणून शेजारीशेजारी चार रांगा आखा आणि त्यांत ५, ५.५, ६ आणि ६.५ मीटर अंतर ठेवा. प्रत्येकाला सगळ्या रांगांतून पळू द्या. ज्या रांगेत तीन पावलं ओढाताण न करता बसतील, ती त्याची रांग. काठीपलीकडे उतरणारं पाऊल या तिनांत धरायचं नाही. मुलं हमखास तिथेच चुकतात.

आता पाय बघा. दर अडथळ्यावर तोच पाय पुढे येत असेल तर अंतर जमलं. एकदा उजवा, एकदा डावा येत असेल तर मध्ये चार पावलं पडताहेत. त्या मुलाला कमी अंतराच्या रांगेत पाठवा. पाऊल काठीच्या अगदी बुडाशी पडत असेल तर अंतर वाढवा.

पळण्याऐवजी उडी

बाजूला उभे राहून मुलाचं डोकं बघा. ते फार वरखाली होत असेल तर मूल पळत नाही, उड्या मारतंय. याचं एक कारण आपणच असतो: काठी पडली की ओरडतो. मग मूल काठी वाचवायला उंच उडतं. हाताने, अंगाने किंवा पुढच्या पायाच्या वरच्या बाजूने पाडला नसेल तर नुसता अडथळा पडला म्हणून शर्यतीतही कुणी बाद होत नाही, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगा. दुसरं कारण, उड्डाण फार जवळून होतं. प्रौढ खेळाडू साधारण दोन मीटर आधी उडतात आणि एक मीटर पलीकडे उतरतात. मुलांची मापं लहान, पण उडण्याची जागा लांब आणि उतरण्याची जवळ, हे तसंच. उड्डाणाच्या जागी फक्कीची रेघ मारा.

पाय कुठे अडतो?

पुढचा पाय ताठ फेकू देऊ नका, आधी गुडघा उचलायचा. जास्त त्रास मागच्या पायाचा. तो अंगाखालून आणला की गुडघा किंवा घोटा काठीला लागतो. यासाठी मुलाला अडथळ्याच्या कडेने चालवा: अंग बाजूने जाईल, फक्त मागचा पाय काठीवरून. गुडघा बाहेर वळलेला, पावलाची बोटंही बाहेर, आणि पाय टेकण्याआधी गुडघा छातीसमोर. ही शेवटची हालचाल राहून गेली की पाऊल बाजूला पडतं, कंबर वळते आणि पुढची तिन्ही पावलं बिघडतात. आधी चालत, मग हळू पळत, मग रांगेत.

अडथळा उलटा ठेवणे

ही चूक माफ नाही. अडथळ्याचे जमिनीवरचे पाय पळत येणाऱ्याच्या बाजूला हवेत, तरच धक्का लागल्यावर तो पुढे कलंडतो. उलटा ठेवला तर तो पडत नाही, मूल पडतं. मुलं परत येताना त्याच अडथळ्यांवरून उलट्या बाजूने उड्या मारतात, म्हणून परतीची वाट वेगळी आखा. सुरुवातीला तर दोन शंकूंवर सैल ठेवलेली हलकी काठी पुरे, तीही गुडघ्याच्या खाली. मैदान ओलं असेल तर त्या दिवशी दुसरं काही घ्या.

प्रगती मोजायची तर काठी किती उंच गेली ते बघू नका. तेवढंच अंतर आधी सपाट पळवून वेळ घ्या, मग अडथळ्यांसह घ्या आणि दोन्हींतला फरक मुलाच्या नावापुढे लिहून ठेवा. महिन्याने पुन्हा घ्या.