गाणारा माणूस टीमचा मालक झाला तर कसं निभवायचं

रॉयल्टीचे पैसे साठलेत, लहानपणापासून जिच्यावर जीव आहे ती टीम विकायला निघालीय आणि डोक्यात किडा वळवळायला लागलाय, तर आधी ठरवा की घ्यायचंय किती. अख्खी टीमच घ्यायला पाहिजे असं काही नाही. गायक एड शीरनने 2024 मध्ये इप्सविच टाउन या इंग्लंडच्या फुटबॉल क्लबचा फक्त 1.4 टक्के हिस्सा घेतला, बोर्डात खुर्ची नाही, मताचा अधिकार नाही, मॅचला जायचं, ओरडायचं, घरी यायचं. मजा हवी असेल तर हेच बेस्ट. पण हिस्सा छोटा म्हणून नियम सुटत नाहीत हां, रॅपर जे-झीचा ब्रुकलिन नेट्स या अमेरिकन बास्केटबॉल टीममधला वाटा एक टक्क्याहूनही कमी होता तरी 2013 मध्ये त्याने खेळाडूंची एजन्सी काढली तेव्हा तो विकावा लागला, कारण मालकही तूच आणि खेळाडूंच्या वतीने पैशांची घासाघीस करणारा एजंटही तूच, हे चालत नाही. तेव्हा सही करायच्या आधी तुमच्या बाकीच्या कंपन्यांची यादी वकिलाला दाखवा.

आता पूर्ण कारभारच हातात घेणार असाल तर गायक एल्टन जॉनकडे बघा. 1976 मध्ये तो वॉटफर्ड या इंग्लिश फुटबॉल क्लबचा चेअरमन झाला तेव्हा टीम चौथ्या डिव्हिजनमध्ये, म्हणजे लीगच्या अगदी तळाला. पुढच्या वर्षी त्याने ग्रॅहम टेलरला मॅनेजर आणलं, युरोपात, म्हणजे युरोपभरच्या क्लबांच्या स्पर्धेत खेळायचंय एवढं सांगितलं आणि खेळातलं त्याच्यावर सोडलं. 1982 मध्ये टीम पहिल्या डिव्हिजनला पोचली, 1983 ला लिव्हरपूलच्या मागे दुसरी आली आणि पुढच्या सीझनला खरंच युरोपात खेळली. माझ्या मते यात पैशापेक्षा माणूस निवडण्याचा भाग मोठा होता. तुम्हाला तोंडावर नाही म्हणणारा कोच शोधा, टीम कोण निवडणार आणि पैशाची मर्यादा कोण ठरवणार हे कागदावर लिहून घ्या, आणि हरल्यावर त्या रात्री ड्रेसिंग रूममध्ये अजिबात जाऊ नका, जे बोलायचंय ते दुसऱ्या दिवशी.

सगळ्यात जड जातं ते टाळ्यांचं. स्टेजवर गाणं फसलं तरी लोक टाळ्या वाजवतात, इथे तीन मॅच हरलात की तेच लोक तुमच्या नावाने शिमगा करतात. एल्टनवर तर समोरच्या टीमचे फॅन्स अख्ख्या स्टेडियममध्ये घाणेरडी गाणी म्हणायचे. हसून सोडून द्यायचं, उत्तर द्यायला गेलात की ते गाणं कायमचं चिकटलं म्हणून समजा.

टूर बुक करताना आधी ट्रान्सफर विंडोच्या, म्हणजे खेळाडूंची खरेदी-विक्री करता येते त्या दिवसांच्या तारखा बघा, आणि सहीचा अधिकार कोणाला तरी लेखी देऊन ठेवा, नाहीतर तुम्ही साउंडचेकला आणि तिकडे खेळाडू हातचा गेला. खेळाडूंचे पगार रॉयल्टीच्या भरवशावर ठरवू नका, गाणं कधी चालेल सांगता येत नाही पण पगार दर महिन्याला द्यावाच लागतो. क्लबसाठी स्वतःच्याच ग्राउंडवर कॉन्सर्ट करता येते, एल्टनने चेअरमन व्हायच्याही आधी 1974 मध्ये केली होती, फक्त सीझन संपल्या संपल्या करा, कारण स्टेजखाली दबलेलं गवत परत यायला वेळ लागतो.

तुमचे कान मात्र इथे खरंच कामाला येतात. रिकाम्या स्टेडियमवर जा, शेवटच्या रांगेत उभे राहा आणि अनाउन्सरला बोलायला सांगा. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणजे 100 मीटर लांबच्या स्टँडला ढोल जवळजवळ 0.3 सेकंद उशिरा ऐकू येतो, म्हणून दोन टोकांच्या टाळ्या कधीच एका तालात पडत नाहीत, त्याला इलाज नाही. पण फॅन्स स्वतःहून गायला लागले की स्पीकर बंद करायचा, एवढं तर करू शकता. आणि प्लीज, स्वतःचं गाणं टीमचं अँथम म्हणून लादू नका. त्यांना आवडलं तर ते स्वतःच उचलतील.

नर्व्हसनेसचं काय करायचं ते ज्याचं त्याने बघावं. जुना अमेरिकन गायक बिंग क्रॉस्बी 1946 पासून पिट्सबर्ग पायरेट्स या बेसबॉल टीमचा भागीदार, पण 1960 च्या वर्ल्ड सीरिजच्या, म्हणजे बेसबॉलच्या फायनलच्या शेवटच्या मॅचला टेन्शन नको म्हणून तो पॅरिसला जाऊन बसला, मॅचचं फिल्मवर रेकॉर्डिंग करून ठेवायला सांगितलं, टीम जिंकली, आणि ती रिळं 2009 मध्ये त्याच्या घराच्या वाइनच्या तळघरात सापडली. तुम्ही पळालात तरी चालेल, पण निदान फोन चालू ठेवा, ट्रॉफी घ्यायला कोणीतरी लागतं.