'मोत्याचे डूल घातलेली मुलगी' या चित्राची प्रत कशी करावी

तैलरंगातील व्यक्तिचित्रण शिकू पाहणाऱ्याने पहिली प्रत योहानेस व्हर्मीर या डच चित्रकाराच्या 'मोत्याचे डूल घातलेली मुलगी' या, सुमारे १६६५ सालच्या चित्राची करावी, असे माझे मत आहे. हेग येथील माउरिट्सहाउस संग्रहालयातले हे चित्र जेमतेम ४४.५ × ३९ सेंटिमीटरचे आहे, त्यामुळे मूळ आकारातच प्रत करता येते. आणि त्यात हात नाहीत, दागिन्यांचा पसारा नाही, त्यामुळे सारे लक्ष चेहऱ्यावर राहते.

संग्रहालयाच्या संकेतस्थळावरून मोठे छायाचित्र घेऊन त्याची मूळ मापाची छपाई करावी, तिच्यावर पाच सेंटिमीटरच्या चौकटी आखाव्यात आणि तशाच चौकटी कॅनव्हासवर पुसट आखून रेखाटन उतरवावे. रेखाटन झाल्यावर ते आरशात पाहावे. डोळ्यांची चुकलेली पातळी उलट्या प्रतिमेत चटकन दिसते, आणि ती चूक रंग लावण्यापूर्वीच दुरुस्त झालेली बरी.

त्यानंतर टर्पेंटाइनने पातळ केलेल्या बर्न्ट अंबर या गडद तपकिरी रंगाने फक्त छायाप्रकाश मांडावा. अंबर लवकर वाळतो, म्हणून पहिल्या थराला तो सोयीचा. पुढच्या प्रत्येक थरात जवसाच्या तेलाचे प्रमाण थोडे वाढवावे. तेलकट थरावर कमी तेलाचा थर दिल्यास वरचा थर आधी वाळतो आणि पुढे त्याला तडे जातात. पावसाळ्यात थरांमध्ये जास्त दिवस सोडावे लागतात, तेथे घाई करू नये.

त्वचेसाठी टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, थोडा कॅडमियम रेड आणि अंबर एवढे पुरते. व्हर्मीरने शिशाचा पांढरा वापरला होता. तो विषारी असल्याने शिकाऊ हाताने त्याच्या वाटेला जाऊ नये. उजेडाची, मधली आणि सावलीची अशा तीन छटा पॅलेटवर आधीच भरपूर कालवून ठेवाव्यात आणि त्या चेहऱ्यावर शेजारी शेजारी लावून कोरड्या, मऊ ब्रशने त्यांच्या कडा हलकेच मिसळाव्यात.

या चित्रात खरे शिकायचे ते नाकाशी. नाकाचा दांडा आणि त्यापलीकडचा, म्हणजे आपल्या डाव्या हाताचा, गाल यांच्यामध्ये रेघच नाही. दोन्हींवर सारखाच उजेड असल्याने व्हर्मीरने तेथे जवळजवळ एकच रंग ठेवला आहे, आणि तरीही आपल्याला नाक दिसते. मी पहिल्या प्रतीत तेथे तपकिरी रेघ ओढली आणि मुलगी एकदम कागदातून कापून चिकटवल्यासारखी दिसू लागली. ती रेघ चाकूने खरवडून काढल्यावरच चेहरा पुन्हा गोल झाला. पापण्यांचे केसही ठळक रंगवू नयेत: संग्रहालयाने २०१८ साली केलेल्या तपासणीत ते आढळले खरे, परंतु नुसत्या डोळ्यांना ते दिसत नाहीत.

मोती अगदी शेवटी घ्यावा. त्याला कानात अडकवायची आकडीही नाही आणि पूर्ण बाह्यरेषाही नाही. मानेच्या सावलीच्याच रंगावर वर डावीकडे दाट पांढऱ्याचा एक ठिपका आणि खाली पांढऱ्या कॉलरचे मंद प्रतिबिंब, एवढाच तो आहे. ठिपका एकदाच टेकवावा. दुसऱ्यांदा ब्रश लागला की तो मळतो.

पार्श्वभूमी आज काळी दिसते, पण मुळात काळ्या थरावर हिरव्या रंगाचे पारदर्शक लेपन होते आणि तेथे हिरवा पडदा रंगवलेला होता, हेही त्याच तपासणीत दिसून आले. आपण आजचे रूप उतरवायचे की मूळचे, हे आधीच ठरवावे. माझ्या मते नवख्याने आजचेच घ्यावे.

तेलाने भिजलेल्या चिंध्या ढिगाने टाकू नयेत, कारण जवसाचे तेल वाळताना उष्णता निघून त्या आपोआप पेट घेऊ शकतात; त्या पाण्यात बुडवाव्यात किंवा पसरून वाळवाव्यात. डाव्या कोपऱ्यातली व्हर्मीरची सही उतरवू नये; मागच्या बाजूस 'प्रत' असे लिहून आपले नाव आणि तारीख घालावी.